तांबडीचे गिऱ्हाईक

मी बी.ए. झालो त्या वर्षी आमच्या घरी दोघे जण बसून खात होते, एक मी आणि दुसरी आमची तांबडी गाय. हे वाक्य माझे नाही, मायचे आहे. निकाल लागला होता, नोकरीसाठी अर्ज टाकले होते आणि उत्तराची वाट पाहत मी इंझोरीजवळच्या आमच्या गावी येऊन राहिलो होतो. माय सकाळी गायीपुढे कुटार टाकायची, मग माझ्यापुढे भाकर वाढायची आणि दोन्ही वेळा तेच म्हणायची, "खा बापा, कधी ना कधी कामी पडशीन." मला त्याचा राग येत नसे. माझे काही ना काही होईल याची तिला खात्री होती. गायीची आशा मात्र तिने मनातून सोडली होती, फक्त बोलून दाखवत नव्हती.

गाय आमच्याकडे दुधासाठी नव्हतीच. आमच्याकडची गावठी गाय दूध देते ते चहापुरते. गाय बाळगायची ती गोऱ्ह्यांसाठी. घरच्या गायीचे दोन गोऱ्हे मोठे झाले की घरची बैलजोडी होते, आणि मग दुसऱ्याचे बैल मोकळे होईपर्यंत पेरणी खोळंबत नाही. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना बा म्हणत असू, मजुरी करता करता बरड जमिनीचा एक तुकडा घेतला आणि पाठोपाठ ही तांबडी कालवड आणली ती याच विचाराने. पहिल्या वेताला तिला कालवड झाली. दुष्काळात चारा नव्हता म्हणून ती मामाच्या गावी द्यावी लागली. दुसऱ्या वेताला गोऱ्हा झाला आणि तो चांगला निघाला. शेजारच्या काकांच्या एकुलत्या बैलासोबत आम्ही त्याला जुंपत होतो. त्याला जोडीदार मिळायचा तो तिसऱ्या वेताला, पण वासरू मेलेलेच आले. मायने ते टोपल्यात घालून वावरात नेऊन पुरले. त्यानंतर गाय फळेना. माजावर यायची, वळू दाखवायचो, आणि काही दिवसांनी पुन्हा उलटायची, म्हणजे माज परत यायचा. ढोरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की त्या वेताच्या वेळी पिशवीला इजा झाली आहे. फळली तर फळली, भरवसा धरू नका.

दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट असती तर एवढ्यावर गाय बाजारात गेली असती. आमच्या घरी तसे होत नव्हते, त्याला कारण होते.

आमच्या घरात जिवंत जनावर आले तेच मुळी बाच्या पिढीत. आजोबांच्या काळापर्यंत आमच्या माणसांचा गावातल्या ढोरांशी संबंध यायचा तो ती मेल्यावर. कुणाचे ढोर मेले की वस्तीत निरोप यायचा आणि आमच्या माणसांनी जाऊन ते ओढायचे. छप्पन साली वस्तीने धर्मांतर केले. बा तेव्हा विशीतला होता. त्याने आणि त्याच्या बरोबरीच्या पोरांनी ठरवले की मेलेल्या ढोराला यापुढे हात लावायचा नाही. गावातली मोठी माणसे विचारायला आली तेव्हा बा पुढे झाला आणि म्हणाला, "ज्याचं ढोर, त्यानं ओढा." ते वाक्य गावाने लक्षात ठेवले. वस्तीला बरेच दिवस कुणी कामावर बोलावले नाही. माय सांगते की त्या दिवसांत त्यांनी अंबाडीची भाजी इतकी खाल्ली की नंतर कित्येक वर्षे तिच्याकडे पाहवत नव्हते. पण शब्द मोडला नाही. हळूहळू गावालाही सवय झाली, आणि ज्याचे तो गाडीला बांधून नेऊ लागला. मी शाळेत गेलो, कॉलेजात गेलो, त्याची सुरुवात त्या वाक्यापासून झाली असे मी मानतो.

त्या वर्षी भादव्यातल्या झडीत गाय बसली. सकाळी पाहतो तर चिखलात मान टाकून पडलेली, उठायचे नाव नाही. बा, मी, शेजारचे काका आणि आणखी दोघे असे आम्ही तिच्या पोटाखालून पोते सरकवले, दोन्हीकडून बल्ल्या घातल्या आणि उचलायला लागलो. माय तिच्या तोंडाशी बसून गूळ दाखवत होती. तेवढ्यात गावातले एक म्हातारे पाटील छत्री घेऊन वावराकडे निघालेले, ते थांबले.

"काहून गा, बसली काय?"

"बसली," बा म्हणाला.

"उचला, उचला. आता तुही गाय हाये बापा. मेली त कोनाले बलावशीन? तूच त सांगतलं होतं, ज्याचं ढोर त्यानं ओढा."

म्हातारे हसले. उचलणारेही हसले. गंमत म्हणूनच ते बोलले असावेत, कारण जाताना त्यांनी मायला सांगितले की गूळ एवढा नको, मेथ्या शिजवून घाला. पण बाचा हात बल्लीवर होता तिथेच थांबला. मग त्याने असा जोर लावला की गाय एका झटक्यात उभी झाली आणि दुसऱ्या बाजूचे काका मागे चिखलात बसले.

त्या दिवसापासून बाला एकच घोर लागला. गाय आपल्या दारात मरता कामा नये. मेली तर त्याच्याच शब्दाप्रमाणे त्याला ती ओढावी लागणार, आणि हात लावायचा नाही हाही त्याचाच शब्द. रात्री पाऊस आला की तो उठून गोठ्यात जाऊन यायचा.

माय त्याला समजावायची. "आपल्या गायीले आपन आपल्या वावरात पुरू. त्यात काय इज्जत जाते? वासरू नाई पुरलं म्या?"

"ते टोपल्यात मावलं. हे मावते काय?"

"मंग लोकं बलावू."

"लोकं येतीन ना. पाह्याले येतीन. पाय बांधले, दोर लावला, ओढून राह्यला. एवढंच पाह्यतीन. पुरलं ते कोन पाह्यते?"

म्हणजे विकायची हे ठरले. प्रश्न राहिला तो कधी आणि कुणाला याचा, आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला. पाऊस उघडल्यावर रानात गवत भरपूर होते. गाय महिनाभरात सावरली, अंगाने भरली. मी म्हटले, हीच वेळ आहे. बाने मान हलवली. भाकड गाय अंगाने भरलेली असली की तिला घेणारा एकच, आणि तो तिला पाळायला घेत नाही. ते मायला चालणार नव्हते. बाच्या मनातही वेगळीच भीती होती, मेलेले ढोर ओढत नाहीत पण जिवंत गाय कापायला देतात असे गाव बोलले असते. मग थांबायचे म्हटले तर उन्हाळ्यात हाडे वर येणार. तेव्हा कुणीच घेणार नाही आणि ती पुन्हा बसणार. विकायची तर दिवाळी आणि उन्हाळा यांच्या मधल्या दिवसांत, आणि पाळणारा माणूस शोधून. बाने त्यासाठी मानोऱ्याचा बाजार धरला. तिथे आजूबाजूच्या खेड्यांतले आणि तांड्यांवरचे लोक येतात, आपल्याला ओळखणारे कमी, असे त्याचे म्हणणे.

निघायच्या आदल्या दिवशी मायने गायीला ओढ्यावर नेऊन धुतले. पोळ्याला गोऱ्ह्याच्या शिंगांसाठी आणलेला लाल वारनिस डब्यात उरला होता. तो तिने गायीच्या दोन्ही शिंगांना बुडापासून शेंड्यापर्यंत लावला. "आपल्या घरून चालली," एवढेच ती म्हणाली. आम्हाला ते चांगले वाटले. पहाटे निघालो तेव्हा बा स्वतःच दोनदा म्हणाला की गाय आज उठून दिसते.

बाजारात ती उठून दिसलीच. पहिले गिऱ्हाईक सरळ आमच्याकडे आले. त्याने गायीचे तोंड उघडून दात पाहिले, पोटाखालून हात फिरवला, मग शिंगावर बोट घासले, बोटाकडे पाहिले आणि निघून गेले. दुसऱ्यानेही तेच केले. तिसरा जाता जाता म्हणाला, "पोळा होऊन किती दिस झाले, बुवा?" आणि सोबतच्या माणसाला कोपराने ढोसून हसला. आम्हाला काही कळेना. मी बाकडे पाहिले, बाने माझ्याकडे पाहिले. मी नुकताच अर्थशास्त्र शिकून आलो होतो, पण बाजारात मी त्याच्यापेक्षा नवा होतो.

शेजारी एक हेडा, म्हणजे ढोरांचा व्यापारी, बाभळीच्या सावलीत बसून आमची गंमत पाहत होता. शेवटी त्यालाच राहवले नाही.

"भाऊ, शिंगं काहून रंगोले?"

"घरच्या बाईनं रंगोले. गाय चालली म्हनून."

"पयल्यांदाच इकून राह्यले काय?"

"पयल्यांदाच."

"अहो, गायीच्या शिंगाले वेतागनिक वळं पडते. ते मोजून लोक वय काढतात. वळे झाकाचे असले की मानूस वारनिस लावते. तुमी दिसता इमानदार, पन तुमची गाय चोरीची दिसून राह्यली."

बाचे तोंड शरमेने काळेठिक्कर पडले. ढोराची कातडी, हाडे, शिंगे यांबद्दल त्याच्या घराण्याला जे ठाऊक होते ते सारे मेलेल्या ढोराचे होते. जिवंत गाय बाजारात कशी उभी करतात हे आम्हाला सांगणारे घरात कुणी झालेच नव्हते. त्याने जमिनीवरून एक खापर उचलले आणि गायीचे डावे शिंग खरवडायला घेतले. गाय बिचारी डोळे मिटून उभी. रंग निघाला तशी खाली तीन वळी दिसली, अगदी स्पष्ट. उजवे शिंग खरवडण्याआधीच हेडा उठून जवळ आला होता.

"तीनच वेतं? मंग त गाय जवान हाये. देता काय?"

त्याने बाचा हात आपल्या रुमालाखाली घेतला आणि बोटे दाबून भाव सांगितला. भाव चांगला असावा, कारण बाच्या भुवया वर गेल्या. पण हात सोडवून घेत बाने विचारले, "एक इचारू काय? हे तुमच्या घरी मेली त तुमी काय करान?"

हेडा बुचकळ्यात पडला. मग त्याने सरळ उत्तर दिले. "माह्या घरी ढोर मरत नाई, भाऊ. मरालेच वेळ नाई भेटत. आज घेतो, उद्या देतो. पुढं कोठी जाते ते मी इचारत नाई. तुमाले खोटं कायले सांगू?"

"मंग नाई जमत," बा म्हणाला.

हेडा रागावला नाही. पण त्याने ही गोष्ट आजूबाजूला सांगितली असावी, कारण त्यानंतर जो येई तो आधीच हसत येई. बाही प्रत्येकाला तोच प्रश्न विचारी. एक जण म्हणाला, मेली तर तेरवी करू. दुसरा म्हणाला, गाय घ्यायच्या आधीच मारून ठेवता काय. तिसऱ्या शेतकऱ्याने मात्र गंभीरपणे सांगितले, आमच्या गावात त्या कामाला माणसे आहेत, निरोप दिला की येतात. बाने त्याला नुसते "राहू द्या" म्हटले आणि गायीला दुसऱ्या बाजूला नेऊन उभे केले.

ऊन कलायला लागले. लोक बाजार सोडायच्या तयारीत होते. मला काळजी वाटू लागली. मी म्हटले, "बा, हे इचारनं सोड आता. गाय घरी न्याची काय परत?"

"इचारल्याबिगर देत नाई."

"मंग कोनी घेत नाई."

"नको घेऊ दे," तो म्हणाला, पण त्याचा आवाज सकाळसारखा नव्हता. गाय परत गेली असती तर पुढचा उन्हाळा त्याला गोठ्यात बसून काढावा लागला असता, हे आम्हा दोघांनाही दिसत होते.

तेवढ्यात तांड्यावरचे एक बंजारा जोडपे आले. नवरा मागे उभा राहिला. बोलत होती ती बाईच. तिने आधी शिंगांकडे पाहिले, एक पांढरे नि एक लाल, आणि पदर तोंडाला लावून हसली.

"हे काय वो भाऊ? अर्धा पोळा केला काय?"

बा वैतागून गेला होता. त्याने सगळे एका दमात सांगून टाकले. गाय भाकड आहे, फळत नाही, डॉक्टरने भरवसा दिला नाही, पावसाळ्यात एकदा बसली होती.

"आनखीन काही?"

"नाई. एवढंच."

"मारते काय?"

"नाई. लय गरीब हाये. लेकरू बी दावं धरून नेते."

बाईला तेवढेच हवे होते. ती आणि नवरा हिवाळ्यात कामासाठी बाहेर जात. घरी म्हातारा सासरा राही आणि त्याच्या मागे ढोरांचा कळप. त्याला आता पळवत नव्हते. पुढे एक शांत गाय चालली की बाकीची तिच्या मागे जातात आणि संध्याकाळी घराकडे वळतात. त्यांची अशी गाय म्हातारी होऊन गेली होती. चारा डोंगरात होता, वळूही कळपातच होता. फळली तर बरेच, नाही तर नाही. तिने तांबडीचा कान धरून थोडे ओढले, पोटावर थाप मारली, मग दावे घेऊन बाजाराच्या कडेपर्यंत चालत गेली. गाय निमूट तिच्या मागे गेली आणि निमूट परत आली.

"चालते," ती नवऱ्याला म्हणाली.

मी बाकडे पाहत होतो. तो विचारणार हे मला ठाऊक होते. त्याने विचारले. "बाई, हे तुमच्याकडं मेली त काय करान?"

"काय करू? नेऊ अन् माळावर टाकू. नाई त पुरू."

"कोन नेईन?"

"आमीच. दुसरं कोन येते तांड्यावर आमचं ढोर उचलाले? माह्या सासऱ्यानं जल्मभर आपले ढोरं आपनच नेले." तिने दावे हाताला गुंडाळले. "तुमच्या गावात कोन नेते?"

"ज्याचं तो," तो म्हणाला.

"मंग इचारता कायले?"

आणि बा हसला. सकाळपासून आमच्यावर सगळा बाजार हसत होता, बाचे हसू मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याने नवऱ्यापुढे हात केला. नवऱ्याने खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या हातांवर टाकला तर बाई म्हणाली, झाकता कशाला, इथं कोण चोर आहे. भाव हेड्याने सांगितला त्यापेक्षा कमीच ठरला, एवढे मला बाच्या तोंडावरून कळले. पण तोंड उतरलेले नव्हते. बाने गायीच्या कपाळावर हात ठेवला, दावे त्या बाईच्या हातात दिले, आणि ती तिघे डोंगराच्या रस्त्याला लागली. लाल शिंग दिसेनासे होईपर्यंत आम्ही उभे होतो. मग बा म्हणाला, "चाल, लय भूक लागली."

आम्ही बाजारातल्या हॉटेलात बसलो. बाने भजे मागवले, ते संपल्यावर पुन्हा मागवले. आणि खाता खाता, मी काही विचारले नसताना, तो बोलायला लागला. सोळा-सतरा वर्षांचा असताना त्याने आजोबांबरोबर एक म्हैस ओढली होती. पाऊस होता, दोर ओला, तो तळहातात रुतत होता. म्हैस मोठी होती आणि माणसे दोनच. गावाबाहेर पोचेपर्यंत आजोबा तीनदा खाली बसले. म्हशीचा मालक आपल्या ओट्यावरून सांगत होता, जरा लवकर, वास सुटला. "मले तवाच वाटलं," बा म्हणाला, "का याले म्हनावं, तूच ये. पन तोंड उघडलं नाई. उघडलं ते मंग चार-पाच वर्सानं." मी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. घरात ते वाक्य सगळ्यांना पाठ होते, त्याच्या आधीचे कुणी सांगितले नव्हते.

थोड्या वेळाने त्याने विचारले, "कॉलेजात तुले पोट्ट्यायनं कधी इचारलं काय, तुहा बाप काय करते म्हनून?"

"इचारलं."

"काय सांगतलं?"

"शेती करते, म्हनलं."

"जोडी नाई झाली आपली," तो म्हणाला. "पन शेती हाये. बराबर सांगतलं." आणि त्याने माझ्या पुढ्यातले भजे उचलून तोंडात टाकले.

माझ्याजवळ तेव्हा त्याला सांगण्यासारखे बरेच होते. त्याने तोंड उघडले म्हणून मी शिकलो, हे सांगायला हवे होते. पण बापलेकांत असे बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. मी त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

शेवटची गाडी निघून गेली होती. आम्ही पायीच निघालो. बाच्या हातात काही नव्हते आणि तो असा भरभर चालत होता की मला मागे धावावे लागत होते. रस्त्यात बाजारातून परतणारे लोक भेटत होते, ओळखीचे, बिनओळखीचे, बैलगाडीतले, पायी चाललेले. कुणी काही विचारत नव्हते. तरी बा प्रत्येकाला थांबवून सांगत होता, "गाय इकली आज. तांड्यावर गेली. आपल्या पायानं चालत गेली."